चित्रमंदिरे वाचली, स्वस्त खुर्ची गेली

मुंबईत चर्चगेट स्थानकासमोर उभे असलेले ‘इरॉस’ हे चित्रपटगृह काही वर्षे बंद राहिल्यानंतर २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पुन्हा सुरू झाले, तेव्हा या शहरातील जुन्या प्रेक्षकांनी जो आनंद व्यक्त केला तो अकृत्रिम होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तांबड्या दगडाची ती गोलसर, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी वास्तू पाडली जाईल, अशी धास्ती अनेकांना वाटत होती. ती खोटी ठरली. वास्तू धुऊनपुसून लख्ख झाली, दिवे लागले, पडदा उजळला. त्यानिमित्ताने स्मरणरंजनाचा जो पूर आला, त्यात कोणी पहिल्या इंग्रजी चित्रपटाची आठवण सांगितली, कोणी मध्यंतरातल्या वेफर्सची, तर कोणी चित्रपट संपल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून खाल्लेल्या वाऱ्याची.

आठवणी काढण्यात गैर काहीच नाही. परंतु आठवणींची एक खोड असते. जे डोळ्यांना दिसते तेवढेच त्या जपून ठेवतात आणि जे हिशेबाच्या वहीत असते ते विसरून जातात. समुद्राकाठच्या या भव्य चित्रपटगृहांविषयी आपण बोलतो तेव्हा संगमरवर, जिने, झुंबरे आणि मखमली पडदे आठवतो. ज्या एका साध्या व्यवस्थेमुळे सामान्य पगारदाराचा त्या संगमरवरावर पाय पडू शकला, ती व्यवस्था मात्र आठवत नाही. ती व्यवस्था म्हणजे तिकिटांच्या दरांची उतरंड. एकाच छपराखाली, एकाच वेळी, एकाच पडद्यासमोर चार वेगवेगळ्या दरांच्या खुर्च्या असत, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त खुर्ची कारकुनाच्या खिशाला परवडणारी असे. वास्तू वाचवण्याच्या आनंदात ही खुर्ची कधी नाहीशी झाली ते आपल्या ध्यानात आले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती खुर्ची हा आहे.

चार आणे ते दोन रुपये

या उतरंडीचा इतिहास भारतातील चित्रपटाइतकाच जुना आहे. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याचे तिकीट सरसकट एक रुपया होते. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती, त्यामुळे त्या खेळांना आलेला प्रेक्षकवर्ग कोणता होता हे सांगण्याची गरज नाही. पण थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तेथे व्यवस्थापकांनी शहाणपणाची एक गोष्ट केली. दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागून टाकले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बॉक्स ठेवले. म्हणजे श्रीमंताकडून पूर्वीच्या दुप्पट घेतले आणि गरिबाकडून पूर्वीच्या चौथा हिस्सा. चित्रपट हा हॉटेलातल्या निवडकांचा चमत्कार न राहता शहराची करमणूक झाला, तो या क्षणापासून.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही यालाच ‘मूल्यभेद’ म्हणतो. एकच वस्तू वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीला विकणे, ही त्याची सोपी व्याख्या. मक्तेदाराच्या हातात हे शस्त्र शोषणाचे साधन होऊ शकते, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि ते खरेही आहे. परंतु चित्रपटगृहाच्या बाबतीत त्याची दुसरी बाजू दिसते. खेळ दाखवण्याचा खर्च प्रेक्षक शंभर असोत वा हजार, जवळजवळ तेवढाच येतो. यंत्र तेच, वीज तीच, डोअरकीपर तेच. म्हणून रिकामी राहिलेली खुर्ची हे शुद्ध नुकसान असते, आणि त्या खुर्चीवर थोडे पैसे देणारा माणूस बसला तर मालकाचे काही जात नाही, उलट चार पैसे येतातच. श्रीमंताच्या बाल्कनीने इमारतीचा खर्च निघावा आणि स्टॉलने ती भरून जावी, असा हा हिशेब होता. त्यात परोपकार नव्हता. परंतु परोपकार नसतानाही जी व्यवस्था गरिबाला दार उघडते, ती टिकाऊ असते, हे व्यवहारात वारंवार दिसून आले आहे.

समुद्र हटवून मिळालेली जमीन

ही चित्रपटगृहे जेथे उभी राहिली त्या जमिनीची हकिकतही लक्षात घेतली पाहिजे. दक्षिण मुंबईची पश्चिम किनारपट्टी आज दिसते तशी निसर्गाने दिलेली नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत बॅकबेच्या उथळ पाण्यात भराव घालून नवी जमीन निर्माण करण्याची प्रचंड योजना सरकारने हाती घेतली. खर्चाचे अंदाज कोसळले, काम रखडले, आणि जनतेच्या पैशाची जी उधळपट्टी झाली तिच्याविरुद्ध खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी आवाज उठवला. १९२६ साली चौकशी समिती नेमावी लागली. एका सरकारी अभियंत्याने नरिमन यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ साली निर्दोष सुटले. ‘लॉइडचा मूर्खपणा’ हे त्या योजनेला मिळालेले नाव इतिहासात राहिले. चर्चगेट स्थानकाजवळून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला आज ज्या वीर नरिमन यांचे नाव आहे, ते हेच.

या कथेचे तात्पर्य एवढेच की ही जमीन सार्वजनिक पैशाने, म्हणजे करदात्यांच्या खिशातून, समुद्राकडून विकत घेतलेली आहे. त्या भूखंडांवर १९३० नंतरच्या दशकात एकाच धर्तीच्या, वक्र सज्जांच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ‘आर्ट डेको’ या नावाने ती शैली आज सर्वपरिचित आहे. शियावक्ष कावसजी कंबाटा यांनी ‘इरॉस’चे काम १९३५ साली सुरू केले आणि १९३८ साली ते चित्रपटगृह लोकांसाठी खुले झाले. सोराबजी भेदवार हे त्याचे वास्तुकार. सुमारे १,२०० खुर्च्यांच्या त्या प्रेक्षागृहासोबत त्याच इमारतीत दुकाने, उपाहारगृह आणि कचेऱ्या यांचीही योजना होती.

त्याआधी पाच वर्षे, १९३३ साली, कुलाब्याच्या तोंडाशी, गेटवेच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ‘रीगल’ सुरू झाले होते. त्याचे वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स. बोरीबंदरचे भव्य स्थानक उभारणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. बापाने रेल्वेसाठी देवालयासारखी वास्तू बांधली आणि मुलाने चित्रपटासाठी. दोन पिढ्यांत शहराची भक्ती कोठून कोठे सरकली, याचा याहून बोलका पुरावा नसेल. तळघरात मोटारी ठेवण्याची सोय आणि वातानुकूलित प्रेक्षागृह या गोष्टी त्या काळी अपूर्व होत्या. १९३८ सालीच धोबी तलावाला अमेरिकन मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचे ‘मेट्रो’ आले. आणि या सर्वांच्या आधी, गिरगाव चौपाटीच्या जवळ, १९१२ सालापासून रॉयल ऑपेरा हाउस उभे होतेच. त्याचे पुढे नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले.

मुंबईच्या चिकट उकाड्यात वातानुकूलित जागेचे महत्त्व काय असते ते वेगळे सांगायला नको. राजवाडे आणि मोठी हॉटेले वगळता जो गारवा कोठेच मिळत नव्हता, तो स्टॉलच्या तिकिटात अडीच-तीन तास मिळत असे. मऊ खुर्ची, गालिचा, गणवेशातला दरवान, हातात बॅटरी घेऊन जागा दाखवणारा माणूस, हे सारे तिकिटात समाविष्ट होते. ज्याच्या घरी दोन खोल्यांत आठ माणसे नांदत होती, त्याला आठवड्याचा एक संध्याकाळचा प्रहर अशा वास्तूत काढता येणे, ही बाब केवळ करमणुकीची नव्हती. शहराच्या वैभवात आपलाही वाटा आहे, अशी जाणीव त्यातून होत असे.

भाबडेपणा नको

अर्थात या भूतकाळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. दरांच्या उतरंडीबरोबर वागणुकीचीही उतरंड होती. बाल्कनीचा जिना निराळा असे आणि स्टॉलच्या प्रेक्षकाची त्या जिन्याच्या वाटेने जाण्याची छाती होत नसे. शिवाय या चित्रपटगृहांनी दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट दाखवले. मराठी प्रेक्षकाचे खरे घर तेथे नव्हते. ते गिरगावात, दादरला, लालबागला होते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला, तो गिरगावातील ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्या गर्दीतील किती माणसे नंतर ‘इरॉस’च्या पायऱ्या चढली असतील हा प्रश्नच आहे. काळ्या बाजाराने तिकिटे विकणाऱ्यांची टोळकी, मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रे, ढेकूण, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि ज्यांनी १९८० ते २००० या काळात चित्रपट पाहिले त्यांना तो चांगला ठाऊक आहे.

तरीही दार उघडे होते, हे महत्त्वाचे. माझे वडील फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. आम्ही बोरिवलीला राहत असू. वर्षातून दोन-तीनदा, बहुधा शाळेची परीक्षा संपल्यावर, ते आम्हा भावंडांना आणि आईला चर्चगेटला बोलावून घेत. तिकिटे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभे राहून आधीच काढलेली असत. ती नेहमी स्टॉलची असत. पडद्याच्या इतक्या जवळ बसावे लागे की मान दुखत असे. पण मध्यंतरात सगळे प्रेक्षक एकदम बाहेर येत आणि त्याच दिवाणखान्यात, त्याच दिव्यांखाली उभे राहत. आई तेथे दोन मिनिटे नुसती उभी राहून वर छताकडे पाहत असे. खेळ संपल्यावर समुद्रापर्यंत चालत जायचे, घरून आणलेल्या पोळ्या खायच्या आणि परतीची लोकल पकडायची. वडिलांच्या पगारात हा सारा कार्यक्रम बसत होता. आज माझ्या महाविद्यालयातील कारकून, ज्याचे वेतन वडिलांच्या त्या वेळच्या वेतनाच्या कितीतरी पट आहे, चार माणसांचे कुटुंब घेऊन चर्चगेटला चित्रपट पाहायला जाण्याचा विचारही करीत नाही. त्याला विचारले तर तो म्हणतो, “सर, तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.” त्यात अतिशयोक्ती असेल. पण निर्णय हिशेब करूनच घेतलेला आहे.

ही व्यवस्था का मोडली?

या मोडतोडीचे खापर एकाच कोणावर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य होणार नाही. कारणे अनेक होती आणि ती एकापाठोपाठ आली. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, त्यामागोमाग व्हिडिओ आला, १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. बाल्कनीचा प्रेक्षक प्रथम घरी बसला, कारण त्याच्याच घरी प्रथम ही साधने आली. बाल्कनी रिकामी झाल्यावर स्टॉलचा भार उचलणारे कोणी राहिले नाही. दरांची उतरंड वरच्या पायरीवर टेकलेली होती. ती पायरी निखळली.

दुसरे कारण कराचे. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमापासून चित्रपटाच्या तिकिटाकडे सरकार एक हुकमी उत्पन्न म्हणून पाहत आले. चित्रपट ही चैन आहे आणि चैनीवर कर भारी असावा, हा त्यामागचा विचार. पण गिरणी कामगार आणि कारकून यांची ती एकमेव चैन होती, याचा विचार कर बसवताना क्वचितच झाला.

तिसरे कारण भाडे नियंत्रणाचे. या इमारती बांधणाऱ्यांनी दुकाने आणि कचेऱ्या यांच्या भाड्यावर चित्रपटगृहाला टेकू मिळावा अशी रचना केली होती, असे त्यांच्या नकाशांवरून दिसते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीच्या आसपास गोठवली. भाडेकरूंच्या संरक्षणासाठी तो कायदा आवश्यक होता, हे मान्य. परंतु ज्या इमारतीतील दुकाने अर्धशतकापूर्वीच्या भाड्यात राहिली, तिच्या डागडुजीला पैसा कोठून येणार? टेकू कुजला, तो असा.

चौथे आणि निर्णायक कारण जमिनीच्या किमतीचे. रिकार्डोने खंडाचा सिद्धांत मांडला तो शेतीसाठी. पण तो मुंबईच्या भूखंडाला जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कशालाच नसेल. हजार खुर्च्यांच्या खाली असलेली जमीन जेव्हा त्या खुर्च्यांच्या शंभर वर्षांच्या उत्पन्नापेक्षा मोलाची होते, तेव्हा मालकाने चित्रपटगृह चालवणे हाच त्याला दररोज होणारा तोटा ठरतो. वहीत नफा दिसला तरी तो तोटाच, कारण संधी हुकल्याची किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

अशा अवस्थेत १९९७ साली दिल्लीत देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले आणि महाराष्ट्र शासनाने २००१ साली बहुपडदा चित्रपटगृहांना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक शुल्कात सवलत देण्याचे धोरण आखले. गुंतवणूक यावी हा हेतू चांगला होता आणि ती आलीही. परंतु जुन्या चित्रपटगृहांवर कर आणि नव्यांना माफी, असा हा सामना होता. त्याचा निकाल काय लागणार हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नव्हती. ‘मेट्रो’ २००६ साली सहा पडद्यांचे झाले. ‘न्यू एम्पायर’, ‘कॅपिटॉल’, ‘स्ट्रँड’ ही नावे एकेक करून वर्तमानपत्रातील जाहिरातींच्या रकान्यातून गळाली.

वास्तूचे रक्षण, प्रवेशाचे काय?

यानंतरची कथा आनंदाची समजली जाते. ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले होते. ते दीर्घ आणि काटेकोर जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि ‘इरॉस’ त्या समूहाचा मानबिंदू ठरले. २०२४ साली ते सुरू झाले. पण सुमारे १,२०० खुर्च्यांच्या जागी आता सुमारे ३०० खुर्च्या आहेत. अवाढव्य पडदा, उत्तम ध्वनी, आरामशीर बैठक. तंत्र म्हणून ही प्रगती आहेच आणि ज्यांनी हा खर्च केला त्यांना दोष देता येणार नाही. वास्तू पडण्यापेक्षा अशी उभी राहिलेली केव्हाही बरी.

परंतु कमी झालेल्या ९०० खुर्च्या कोणत्या होत्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या बाल्कनीच्या नव्हत्या. त्या स्टॉलच्या होत्या. म्हणजे वारसा म्हणून आपण जे जतन केले ते बाहेरून पाहण्याचे, आणि जे गमावले ते आत बसण्याचे. दगडाला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे आहे. खुर्चीला संरक्षण देणारा नाही.

समुद्राकाठच्या चित्रपटगृहांची ही दैना केवळ मुंबईत झालेली नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील सुट्टीच्या गावांत १९३० नंतरच्या दशकात अशीच भव्य चित्रपटगृहे उभी राहिली, आणि तीही कामगार वर्गाच्या पैशावर. मार्गेट येथील ‘ड्रीमलँड’ हे त्यांपैकी एक. १९३५ सालचे. ते चित्रपटगृह २००७ साली बंद पडले. तेथील स्थानिक परिषदेने मात्र ‘ड्रीमलँड’ची संपूर्ण जागा २०१३ साली कायद्याने सक्तीने संपादन केली आणि शेजारचे करमणूक उद्यान २०१५ साली लोकांसाठी पुन्हा खुले केले. त्याच चित्रपटगृहाच्या वास्तूत २०२२ सालच्या ‘एम्पायर ऑफ लाइट’ या इंग्रजी चित्रपटाचे चित्रण झाले. तो प्रयोग आर्थिकदृष्ट्या सोपा गेला असे नाही. पण एका लहानशा किनारी गावाच्या परिषदेने ‘ही जागा लोकांच्या वापराची आहे’ असे कायद्याच्या भाषेत म्हटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपली महानगरपालिका तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी श्रीमंत आहे.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्या देशात रुग्णालयांत खाटा कमी आहेत आणि शाळांत शिक्षक कमी आहेत, तेथे चित्रपटगृहातील स्वस्त खुर्चीची चिंता शासनाने कशाला करावी? आणि आता तर प्रत्येकाच्या हातात दूरध्वनी आहे, त्यावर हवा तो चित्रपट नाममात्र खर्चात दिसतो. गरिबाची करमणूक पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहे, महाग नव्हे.

आक्षेपाचा दुसरा भाग आधी घेऊ. चित्र स्वस्त झाले हे खरे आहे. जागा स्वस्त झालेली नाही. लोकलच्या डब्यात उभ्याने, तळहाताएवढ्या पडद्यावर चित्रपट पाहणे आणि हजार अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी हसणे, या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्यांना पर्यायी वस्तू मानणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. शहर म्हणजे नुसती घरे आणि रस्ते नव्हेत. ज्या थोड्या जागांत निरनिराळ्या उत्पन्नांची माणसे एका छताखाली येतात, त्या जागा शहराला शहरपण देतात. समुद्रकिनारा अजून फुकट आहे म्हणून तेथे सर्व थरांतली माणसे दिसतात. किनाऱ्यासमोरच्या वास्तूंत ती दिसत नाहीत.

पहिल्या भागाचे उत्तर असे की येथे शासनाच्या तिजोरीतून पैसा मागितलेला नाही. शासन आणि महानगरपालिका या वास्तूंना जे देतच आहेत, किंवा ज्याची मागणी त्यांच्याकडे होत आहे, त्याला एक अट जोडावी एवढेच म्हणणे आहे. जुने चित्रपटगृह पाडल्यास नव्या बांधकामात चित्रपटगृहासाठी काही जागा राखण्याचे बंधन मालकांना जाचक वाटते आणि ते काढून टाकावे अशी त्यांची मागणी आहे. मालमत्ता करात सूट हवी, वारसा म्हणून जादा बांधकामाचे हक्क हवेत, अशाही मागण्या आहेत. यांतील काही रास्त आहेत. परंतु सवलत ही देणगी नव्हे. तो करार असतो आणि कराराला दोन बाजू असतात.

काय करता येईल?

कर्नाटक सरकारने २०२५ साली चित्रपटाच्या तिकिटावर सरसकट २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि तिला तेथील उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयीन प्रश्न बाजूला ठेवला तरी सरसकट मर्यादा हा उपाय मला पटत नाही. ती श्रीमंताला अकारण स्वस्त देते आणि मालकाचा वरचा आधार काढून घेते. आपल्याला मर्यादा नको, उतरंड हवी. बाल्कनीचा दर मालकाने खुशाल हवा तेवढा लावावा. मात्र कोणत्याही स्वरूपाची सार्वजनिक सवलत घेणाऱ्या चित्रपटगृहाने प्रत्येक खेळात ठराविक हिस्सा, समजा पाचातली एक खुर्ची, शंभर रुपयांच्या आत उपलब्ध करून द्यावी, आणि ती तिकीटखिडकीवर रोखीने मिळावी, अशी अट घालता येईल. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आला आहे, त्यावरील तिकिटावर तो अठरा टक्के आहे. म्हणजे केंद्र शासनाने स्वस्त तिकिटाला उत्तेजन देणारी कररचना केलेलीच आहे. फक्त ज्या खुर्चीसाठी ती सवलत आहे ती खुर्चीच दक्षिण मुंबईत शोधून सापडत नाही.

हिशेब करून पाहू. समजा ३०० खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात कामाच्या दिवशी दुपारच्या खेळाला निम्म्या जागा रिकाम्या राहतात. त्यांतील ६० जागा शंभर रुपयांनी भरल्या तर मालकाला कर धरून सहा हजार रुपये जादा मिळतील, आणि खर्च जवळजवळ शून्य. महागड्या खुर्चीचा प्रेक्षक स्वस्त खुर्चीकडे वळेल ही भीती खरी, पण पुढच्या रांगा आणि मागच्या रांगा यांत फरक ठेवून ती भीती शंभर वर्षे यशस्वीपणे हाताळली गेली होती. नॉव्हेल्टी थिएटरच्या व्यवस्थापकाला जे १८९६ साली उमगले, ते आजच्या संगणकाला उमगू नये असे नाही. आजचा संगणक मूल्यभेद करतोच, शनिवारी दर वाढवतो, मंगळवारी उतरवतो. तो वारांत भेद करतो. माणसांच्या ऐपतीचा विचार मात्र त्याच्या गणितात नाही.

अशी अट घालण्यात अपूर्व असेही काही नाही. मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा मिळाव्यात असा आग्रह राज्य शासनाने २०१५ साली धरलाच होता. भाषेसाठी अट घालता येते तर ऐपतीसाठी का घालता येऊ नये? किंबहुना या दोन अटी परस्परपूरक आहेत. मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळूनही प्रेक्षक मिळत नाही अशी जी ओरड आहे, तिच्या मुळाशी दराचाच प्रश्न बव्हंशी आहे. ज्या कुटुंबाला महिन्यातून एकच चित्रपट परवडतो ते मोठ्या हिंदी वा इंग्रजी चित्रपटाची निवड करते. दोन परवडले तर दुसरा मराठी असण्याची शक्यता वाढते.

याखेरीज जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट असलेल्या चित्रपटगृहांनी आठवड्यातून एक सकाळ शाळा-महाविद्यालयांसाठी राखून ठेवावी. ज्या वास्तूविषयी पुस्तकात वाचायचे ती आतून पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा. आज ‘इरॉस’चे छायाचित्र प्रकल्पवहीत चिकटवणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी त्याच्या आत पाऊल टाकले आहे, याची चौकशी शिक्षकांनी आपापल्या वर्गात करून पाहावी.

जुनी चित्रपटगृहे परत येणार नाहीत आणि ती जशीच्या तशी परत यावीत असेही नाही. पण ज्या जमिनीसाठी शहराने समुद्र हटवला आणि ज्या दगडाला जगाने वारसा म्हटले, तेथे कारकुनाच्या कुटुंबाला वर्षातून दोनदा बसता यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. महानगरपालिकेपुढे जुन्या चित्रपटगृहांच्या सवलतींचा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा चर्चा चटईक्षेत्राची होईल, दर्शनी भागाच्या रंगाची होईल, दुकानांच्या उंचीची होईल. त्या चर्चेत एखाद्या नगरसेवकाने उठून एवढेच विचारावे, की सर्वांत स्वस्त तिकीट किती रुपयांचे असेल? त्याचे उत्तर मिळेपर्यंत सवलतीच्या कागदावर सही होऊ नये.